आहेर लिहिणारे हिरामणदादा

आमच्या कंपनीत दर फेब्रुवारीत कामगारांसाठी काहीतरी चांगलं करायचं असतं. एका वर्षी डोळे तपासले, एका वर्षी योगासनं झाली. त्या वर्षी मोठ्या साहेबांना वाटलं की कामगारांना पैशांचं नियोजन शिकवावं. बाहेरचा माणूस त्याचे पैसे मागतो, म्हणून अकाउंट्समधल्या मला उभं केलं. मी स्वतः कुठल्या महिन्यात किती खर्च केला हे मला आजतागायत सांगता आलेलं नाही. माझा नवरा विराज ते सांगू शकतो, म्हणून मी त्याला विचारत नाही.

तर धाटावच्या कारखान्यातल्या कँटीनमध्ये बासष्ट कामगारांपुढे मी पाऊण तास बोलले. पगार आला की आधी बचत बाजूला काढा, उरलेल्याची कलमं पाडा, रोजचा खर्च त्याच दिवशी लिहा. सगळ्यांना कंपनीच्या नावाची एकेक वही दिली आणि तीन महिने खर्च लिहून आणायला सांगितलं. वही परत येईल अशी माझी अजिबात अपेक्षा नव्हती. तिचा उपयोग मुलांच्या शाळेसाठी होतो, हे मला ठाऊक होतं.

जूनच्या पहिल्या सोमवारी एक वही परत आली. कंपनीची बस पेणहून निघते, मी तिथेच बसते. गडबच्या थांब्यावर स्टोअरमधले हिरामण घरत चढले, माझ्या सीटशी थांबले आणि वही पुढे करून म्हणाले, "मॅडम, लिवलंय."

हिरामणदादा तेव्हा चोपन्न वर्षांचे. सव्वीस वर्षं स्टोअरमध्ये, जनरल शिफ्ट. बोलायला कमी, अक्षर मात्र असं की स्टोअरचं रजिस्टर बघून ऑडिटवाल्यांनी एकदा विचारलं होतं, हे छापून कुठे घेता म्हणून. लग्न झालेलं नव्हतं. का नाही, असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "राह्यलं." आणि विषय संपायचा.

वहीत सगळं होतं. चहा दहा. वडापाव पंधरा. भावाच्या घरात जेवणाचे सहा हजार. मोबाइल रिचार्ज. गुडघ्याचं मलम. मला स्वतःचीच लाज वाटायला लागली होती, एवढ्यात मी आहेराच्या कलमावर आले. तीन महिन्यांचे चौदा हजार एकोणीस रुपये. पगार हातात एकवीस हजार चारशे. वरचे एकोणीस म्हणजे एकोणीस लग्नांचे एकेक रुपये.

मी लाल पेनने त्याला गोल केला. "हे कमी करा."

"हे कमी व्हनार नाय, मॅडम."

"का?"

"लोकांनी दिलेला असतो. फेडाय लागतो."

मग वडखळवरून आलेल्या कंटेनरच्या मागे बस अडकली असताना त्यांनी मला आहेराची पद्धत समजावली. त्यांच्याकडे लग्नात मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून एकजण वही घेऊन बसतो. जो येईल त्याचं नाव आणि रक्कम लिहितो, माइकवर सांगतो. ती वही घरात जपून ठेवतात. पुढे त्या माणसाकडे कार्य निघालं की वही उघडायची, त्याने दिलं होतं त्यात थोडी भर घालायची आणि परत करायचं. टेबलाशी बसायला अक्षर चांगलं हवं, आणि माणूस असा हवा की कोणी किती कमी दिलं हे तो बाहेर बोलणार नाही. गावात तीस वर्षं टेबलाशी हिरामणदादाच बसत होते.

"तुमच्याकडे कुठलं कार्य झालं, ज्याचं तुम्ही फेडताय?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. "माझ्याकडं? नाय झालं."

मला अशा वेळी राग येतो. हिशेबात एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नसलं की मला रात्री झोप लागत नाही, मग तो हिशेब माझा असो वा नसो. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली खासगी वही आणली. पहिल्या पगारापासून त्यांनी कोणाकोणाच्या लग्नात किती घातले ते सगळं तिच्यात होतं. सुरुवातीचे आकडे अकरा आणि एकवीस होते, मग एक्कावन्न, मग पाचशे एक. जेवणाच्या सुट्टीत मी बेरीज केली. दोन लाख सदतीस हजार. समोर जमा शून्य.

"दादा, ही मुदत ठेव आहे," मी म्हटलं. "फक्त तुम्ही तिची मुदत लिहायला विसरलात."

ते हसले. मी गंमत केली नव्हती.

त्याच आठवड्यात त्यांच्या वहीत एक नोंद आली, 'सुताराला चहा, दहा'. मी सहज विचारलं की सुतार कशाला आला होता. त्यांनी सांगितलं की पुढच्या मे महिन्यात पुतण्याचं, साहिलचं, लग्न ठरलंय. थोरला भाऊ कान्हू, वहिनी, साहिल आणि हे, असं चौघांचं घर. हिरामणदादा सव्वीस वर्षं मागच्या खोलीत झोपायचे. सुतार त्या खोलीत आला, दारापासून भिंतीपर्यंत टेप लावला आणि सहा बाय साडेसहाचा पलंग बसेल म्हणाला. भाऊ काही बोलला नाही. वहिनी काही बोलल्या नाहीत. चहा ह्यांनी पाजला.

"मग तुम्ही कुठे झोपणार?"

"बगू. वट्यावर पन झोपता येतं."

चोपन्न वर्षांचा, गुडघे गेलेला माणूस पावसाळ्यात ओट्यावर झोपणार, आणि त्याचे दोन लाख सदतीस हजार गावभर पसरलेले. ते मला सहन झालं नाही. घरामागे त्यांच्या हिश्शाची गुंठाभर जागा होती. मी म्हटलं, मे महिन्याच्या आत तिथे स्वतःची खोली बांधायची. आपण बजेट करू.

बजेट मी केलं, एक्सेलमध्ये, रंग देऊन. एक खोली, त्यात ओटा, मोरी, बाहेर संडास, वर पत्रे. खर्च तीन लाख दहा हजार. हातातली बचत आणि पीएफमधून काढायचे मिळून दोन लाख. उरले एक लाख दहा हजार. वडखळचा हार्डवेअरवाला तेवढ्याचं सामान उधार द्यायला तयार होता. ते फेडायचं कसं, ह्याचं उत्तर माझ्यासमोर वहीतच होतं. खोली झाली की वास्तुशांत करायची. वास्तुशांत म्हणजे कार्य. हिरामणदादांच्या आयुष्यातलं पहिलं कार्य. त्यांनी ज्यांना ज्यांना आहेर केला ती दोनशे चौदा घरं येणार. अगदी सगळी नाही आली तरी एक लाख पंचेचाळीस हजार जमतील, असं मी काढलं. मांडव आणि जेवणाचे पस्तीस हजार वजा केले, तर बरोबर एक लाख दहा हजार उरत होते. बेरीज इतकी चपखल बसली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. उलट मी त्या खान्याला हिरवा रंग दिला.

खोली दिवाळीनंतर सुरू झाली. हिरामणदादांनी विटा मोजून घेतल्या, सिमेंटच्या रिकाम्या गोण्याही मोजून विकल्या आणि त्यांचे दोनशे सत्तर रुपये जमेला धरले. जानेवारीअखेर पत्रे चढले. मोठ्या घराच्या मागच्या भिंतीपासून नव्या खोलीचं दार चौदा फुटांवर. वास्तुशांत फेब्रुवारीतल्या एका रविवारी ठरली.

मी विराजला घेऊन सकाळीच गेले. तिथे दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे पूजेला जोडपं लागतं. त्यामुळे हिरामणदादांच्या घराच्या पूजेला पाटावर कान्हूभाऊ आणि वहिनी बसले होते आणि घरमालक मागे उभा राहून फुलं देत होता. दुसरी म्हणजे ज्याच्या नावाचं कार्य तो स्वतः आहेर लिहीत नाही. गावात दुसऱ्या कोणाचं अक्षर त्यांना पसंत नव्हतं. म्हणून टेबलाशी मी बसले. शेजारी माझा लॅपटॉप, त्यात दोनशे चौदा घरांची यादी.

लोक आले, खूप आले. खारेपाटातल्या गावांमधल्या बाया, मिठागरावर काम केलेली म्हातारी माणसं, स्टोअरमधले सगळे. पहिल्या पाकिटात एकशे एक निघाले. दुसऱ्यात एकशे एक. तिसऱ्या माणसाने भिंतीवरचं घड्याळ दिलं. मला वाटलं, सुरुवातीला असं होत असेल. दुपारी एक वाजेपर्यंत एकशे एकची ओळ पानाच्या तळापर्यंत गेली होती आणि माझ्या पायाशी नऊ घड्याळं होती, सगळी चालू.

तेवढ्यात शेजारच्या चंद्रावतीआजी आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, तीन मुलांची लग्नं केलेल्या. त्यांनी एकशे एक आणि स्टीलचा डबा ठेवला. माझा तोल सुटला.

"आजी, हिरामणदादांनी तुमच्या तीन मुलांच्या लग्नांत मिळून सतराशे तीन रुपये दिलेत. माझ्याकडे लिहिलेलं आहे."

विराजने माझ्या पायावर पाय दिला. आजी मात्र रागावल्या नाहीत. उलट खुर्ची ओढून बसल्या.

"ते फिटलं की गो बाय. कान्हूच्या पूजाचं लगीन झालं तवा दोन हजार घातले आमी. बग त्यांच्या वहीत. ह्यानंच लिवलंय."

"पण ते कान्हूभाऊंच्या मुलीचं लग्न होतं. तुम्हाला पैसे दिले हिरामणदादांनी."

"दिले त्या घरानं. एका चुलीचा एक आहेर असतो, गो. बिनलग्नाच्या मानसाची कुठं येगली चूल असते?" त्या जरा थांबल्या आणि मला समजलंय का ते बघितलं. "आज झाली त्याची येगली. मनून तर आज आमी पयला आहेर आनला. हा त्यानं फेडावा."

मी लॅपटॉप बंद केला. हिरामणदादा पंगतीत वरण वाढत होते. मी त्यांना बोलावलं. ते पळी हातात घेऊनच आले.

"दादा, गावातल्या वह्यांमध्ये तुम्ही घातलेल्या पैशांपुढे नाव कोणाचं आहे?"

"कान्हू बाळाराम घरत."

"सगळीकडे?"

"सगलीकडं."

"लिहिलं कोणी?"

"मीच की."

मी पेन खाली ठेवलं. मग त्यांनाच वाटलं की मॅडमना उत्तर द्यायला हवं. "लिवलं तवा घर एकच व्हतं, मॅडम," ते म्हणाले आणि पंगतीत भात आलाय हे दिसल्यावर परत गेले.

कोणी कोणाला फसवलं नव्हतं. हे मला जास्त लागलं. गावाने एकेक रुपया परत केला होता, वर भर घालून. सहा वर्षांपूर्वी पूजाच्या लग्नात तीन लाखांवर आहेर जमला, तो हिरामणदादांनी स्वतः लिहिला, माइकवर वाचला, आणि त्या दिवशी आपल्यालाच मिळाल्यासारखे खूश होते. तेव्हा ते त्या घरातले होते, त्यामुळे त्यांचं काही चुकलं नव्हतं. चुकले मी. किती दिले ते मी विचारलं, कोणाच्या नावाने दिले ते विचारलं नाही. अकाउंट्समध्ये पहिल्या दिवशी शिकवतात ते. भावाच्या घरातून चौदा फूट बाहेर पडल्याबरोबर त्या माणसाची सव्वीस वर्षं भिंतीच्या पलीकडे राहिली होती, आणि मी त्याला हिरवा रंग देऊन बाहेर काढलं होतं.

चार वाजता हिशेब केला. रोख बावीस हजार आठशे पन्नास. मांडव आणि जेवण सदतीस हजार चारशे. वडखळच्या दुकानासाठी शिल्लक काही नाही, उलट खिशातले साडेचौदा हजार गेलेले. घड्याळं अकरा. ती आम्ही हिशेबात धरली नाहीत.

कान्हूभाऊ तिथेच पायरीवर बसले होते. त्यांना चंद्रावतीआजींनी सगळं सांगितलं असावं. ते म्हणाले, "हिरा, साहिलच्या लग्नाचा आहेर येल ना, त्यातून वडखलवाल्याचं भागवू."

"नको, दादा," हिरामणदादा लगेच म्हणाले. "तो आहेर तुला फेडाय लागल. गावात पन्नास पोरांची लग्नं बाकी हायेत. आलेला पैसा खर्चू नको."

आपली दुकानाची उधारी थकलेली असताना ते भावाला बजेट शिकवत होते. मला वाटलं, कान्हूभाऊंना सुटल्यासारखं झालं असेल. पण ते उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि खांद्यावरच्या पंच्याने बराच वेळ डोळे पुसत राहिले. मी मनातलं माझं वाक्य मागे घेतलं.

त्या रात्री मी विराजशी विनाकारण भांडले. सोमवारी बसमध्ये हिरामणदादांपुढे नवीन कागद ठेवला. रात्रभर विचार करून मला त्या हिशेबात एक चांगली गोष्ट सापडली होती.

"दादा, गावाने तुम्हाला लग्नाचा आहेर कधी दिलाच नाही. म्हणजे तुम्ही कोणाचं देणं लागत नाही. वास्तुशांतीचे एकशे एक, ते कोणाची वास्तुशांत निघेल तेव्हा एकशे एक. बाकी सगळ्या लग्नांना जायचं, जेवायचं, यायचं. आहेराचं कलम शून्य. महिन्याला सहा हजार दुकानाला दिले तर एकोणीस महिन्यांत मोकळे."

त्यांनी कागद नीट बघितला. बेरीज तपासली. बरोबर होती. घडी करून खिशात ठेवला आणि "व्हय" म्हणाले. मला फार बरं वाटलं. माझ्या आयुष्यात कोणी माझं बजेट मान्य केल्याची ती पहिली वेळ होती.

मे महिन्यात साहिलचं लग्न झालं. मी गेले. मांडवाच्या तोंडाशी टेबल आणि टेबलाशी हिरामणदादा, नवा पांढरा शर्ट घालून. मी पाचशे एक ठेवले. त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, "मॅडम, नाव कोनाचं लिवू? विराजसाहेबांचं का तुमचं?"

मला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "माझं."

"आसावरीमॅडम, पेण, पाचशे एक," त्यांनी माइकवर सांगितलं. लिहून झाल्यावर त्यांनी माइक ठेवला नाही. शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं, उघडून नोटा मोजल्या आणि पुढच्या ओळीवर लिहायला लागले. लिहून झाल्यावर आवाज जरा चढवून वाचलं. "हिरामण बाळाराम घरत. पाच हजार एक."

पाच हजार एक. दुकानाचा जवळजवळ महिन्याचा हप्ता. मी जेवायला गेले, कारण तिथे उभी राहिले असते तर बोलले असते.

जूनच्या पहिल्या सोमवारी गडबला ते चढले आणि नव्या वर्षाचं बजेट स्वतः करून आणलेलं माझ्या हातात दिलं. मी न शिकवता त्यांनी रंगसुद्धा दिले होते. पहिलं कलम आहेर, महिना चार हजार. दुसरं वडखळचं दुकान, सहा हजार. मग किराणा, गॅस, औषध.

मी लाल पेन काढलं. "दादा, आपलं काय ठरलं होतं? तुम्ही कोणाचं देणं लागत नाही."

"नाय लागत."

"मग हे काय आहे? आणि परत कधी येणार हे? तुमच्याकडे ना लग्न, ना बारसं. मुदत कधी संपणार?"

ते खिडकीतून बाहेर बघत बसले. मला वाटलं, मी जास्त बोलले. नागोठण्याचा पूल आला तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"एक कार्य बाकी हाय ना, मॅडम."

"कुठलं?"

"माझं बारावं."

"काहीतरीच काय बोलताय सकाळी सकाळी."

"हिशोबाचंच बोलतो." त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता, स्टोअरमध्ये किती पाइप शिल्लक आहेत ते सांगावं तसा. "आदी मेलो असतो तर लोक कान्हूच्या दारात आले असते. कान्हूचा भाऊ गेला मनून. आता माझं दार हाय. त्या दारात लोक यायचे, तर पयले मी त्यांच्या दारात माझ्या नावानं गेलो पायजे. त्याला वरसं लागतात. मी लई उशिरा सुरू केलंय, मॅडम. त्यात कमी नका करू."

मी पेनाला टोपण लावलं. धाटाव यायला अर्धा तास होता. तेवढ्या वेळात आम्ही दोघांनी मिळून बाकीच्या कलमांतून ते चार हजार काढले.